कॉफीच्या चोथ्याचं काय करता?

कर्वेनगरी
मंडळी, आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चहा. पण नवऱ्याचं ऑफिस घरी आलं आणि मागोमाग कॉफीही आली. सकाळी पितळी फिल्टरची, दुपारी मोका पॉटची (गॅसवर ठेवायची ती वाफेची किटली), पाहुणे असले की कागदातून गाळलेली काळी. पिणारे पितात, त्याबद्दल तक्रार नाही. मागे उरतो तो ओला, काळा चोथा. इतका छान वास येणारी वस्तू कचऱ्याच्या बादलीत टाकायला हात धजत नाही.

जाऊबाई म्हणतात गुलाबाला घाल, माती आंबट होते. शेजारच्या काकू म्हणतात सिंकमध्ये सोड, पाइप आपोआप घासला जातो. रीलवाल्या तर तोंडाला फासा म्हणतात. गच्ची नाही, पूर्वेची बाल्कनी आहे. कुंड्यांत गुलाब, मोगरा, कढीपत्ता, तुळस, शिवाय मधूनमधून मेथी-कोथिंबीर पेरते. ज्यांनी खरंच करून पाहिलंय त्यांनी सांगा. ऐकीव माहिती माझ्याकडेच भरपूर जमलीय.

पेठी_पुणेकर
मुळात प्रश्नच चुकीचा. कॉफी प्यायची ती फर्ग्युसन रस्त्यावर जाऊन, म्हणजे चोथा त्यांचा आणि चव आपली. (हलकेच घ्या.)

सिंकचं मात्र गंभीरपणे सांगतो. काकूंचं अजिबात ऐकू नका. कॉफीची पूड पाण्यात विरघळत नाही. जेवढं विरघळण्यासारखं होतं ते कपात गेलं, उरलेला भाग जड, बारीक आणि चिकट. सिंकखालच्या वळणात तो तळाशी बसतो, वरून आमटीची फोडणी, तूप, दुधाची साय येते आणि सगळं मिळून घट्ट बसतं. वाड्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या जुन्या इमारतींत तर चार मजल्यांची स्वयंपाकघरं एकाच उभ्या पाइपवर असतात. तुमची कॉफी, तुंबतं पहिल्या मजल्यावरच्या आजोबांचं.

सदाफुली
मी कित्येक वर्षं गुलाबाला चहाचा आणि कॉफीचा, दोन्ही चोथे घालते. गुलाब बघायला या. बाकी शास्त्र शास्त्रज्ञांना लखलाभ.

रसायन_मास्तर
सदाफुलीताई, गुलाब छान येत असतील यात शंका नाही. पण श्रेय कोणाला द्यायचं ते बघू. निवृत्त मास्तर आहे, लांबण लागेल, चालवून घ्या.

पहिली गोष्ट आंबटपणाची. कॉफीतली आम्लं पाण्यात विरघळणारी असतात, म्हणून तर कॉफी आंबटसर लागते. ती बहुतेक सगळी कपात उतरतात. उरलेला चोथा पुष्कळदा उदासीनच्या जवळ असतो, सामू (म्हणजे pH, ७ ला उदासीन, त्याखाली आंबट) साडेसहाच्या आसपास. आणि तेही ठरलेलं नाही: कॉफीचा चोथा घातलेल्या खतांचा सामू ४.६ पासून ८.४ पर्यंत नोंदला गेला आहे. म्हणजे कधी आंबट, कधी चक्क अल्कधर्मी. आपली दख्खनची काळी माती मुळात अल्कधर्मी, वर सोसायटीच्या बोअरचं जड पाणी. तिथे दोन चमचे चोथ्याने सामू हलेल ही आशा सोडा.

दुसरी गोष्ट खताची. कोरड्या चोथ्यात नत्र (नायट्रोजन) साधारण २ टक्के, स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅश) नावालाच. मोका पॉटच्या लहान भांड्यात एका वेळी १५ ग्रॅम पूड जाते असं धरू. दिवसाला दोनदा केली तर महिन्याची ९०० ग्रॅम. त्यातला पाचवा हिस्सा तुम्ही प्यायलात, उरला ७०० ग्रॅमच्या आसपास. त्यात नत्र १४ ग्रॅम. तेवढं नत्र ३० ग्रॅम युरियात मिळतं, म्हणजे मूठभरही नाही. शिवाय चोथ्यातलं नत्र झाडाला लगेच मिळतच नाही. ते प्रथिनांत अडकलेलं असतं, जिवाणूंनी ते मोडायला हवं. आणि मोडताना तेच जिवाणू मातीतलं तयार नत्र स्वतःसाठी उचलतात. म्हणून ताजा चोथा मातीत कालवला की झाड काही काळ उलट पिवळं पडू शकतं.

तिसरी गोष्ट, आणि कर्वेनगरी, ही तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाची: मेथी-कोथिंबिरीच्या कुंडीत ताजा चोथा अजिबात नको. वापरलेल्या पुडीतही थोडं कॅफिन आणि इतर काही द्रव्यं उरतात, ती बियांची उगवण आणि कोवळी मुळं रोखतात. मेलबर्नमध्ये २०१६ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. ब्रोकोली, लीक, मुळा, व्हायोला, सूर्यफूल अशी पाच झाडं घेतली आणि ताजा चोथा थेट मातीत मिसळला. पाचही खुरटली. खत घातलं तरी खुरटलीच, म्हणजे दोष नुसत्या नत्राचा नव्हता.

मग गुलाब का फुलतात? ताई बहुधा शेणखतही घालत असतील, छाटणी वेळेवर करत असतील आणि रोज झाडाकडे बघत असतील. जुन्या, मुळं धरलेल्या झाडाला चिमूटभर चोथ्याने काही होत नाही. बरंही नाही, वाईटही नाही.

सदाफुली
शेणखत घालते, हे खरं. छाटणीही ऑक्टोबरात न चुकता. पण मास्तर, झाडाकडे बघण्याचं श्रेय दिलंत म्हणून माफ केलं.

बागुलबुवा
मास्तरांनी 'काय करू नये' सांगितलं, मी 'काय करावं' सांगतो. सिंहगड रोडला गच्चीवर बाग आहे, सगळी पालापाचोळ्यावर.

चोथा हे खत नाही, खताचा कच्चा माल आहे. एकदा तसं मानलं की सगळं सोपं होतं. खताच्या बादलीत तो फार कामाचा, कारण बारीक असतो, ओल धरतो आणि लवकर कुजतो. चोथ्याचं कर्ब-नत्र गुणोत्तर (कार्बनचं नायट्रोजनशी प्रमाण) साधारण २० ते २५ ला १. कंपोस्टला ३० ला १ च्या आसपास आवडतं. म्हणजे रंगाने तपकिरी असला तरी तो वागतो हिरव्या कचऱ्यासारखा, भाजीच्या देठांच्या रांगेतला. इथेच पुष्कळ जण फसतात. चोथा कोरड्या पानांसारखा दिसतो म्हणून ओल्या कचऱ्यावर तोच पसरत राहतात, आणि आठवड्याभरात बादलीतून गटाराचा वास.

तर पद्धत अशी. झाकणाची, बुडाला आणि बाजूंना भोकं पाडलेली बादली. तळाशी नारळाच्या शेंड्या किंवा काटक्या. मग पाला, त्यावर स्वयंपाकघरातला ओला कचरा आणि चोथा एकत्र, त्यावर पुन्हा पाला. वाटीभर ओल्याला दोन-अडीच वाट्या चुरलेला सुका पाला, इतकं ढोबळ प्रमाण पुरतं. विरजण म्हणून जुन्या खताची मूठ किंवा आंबट ताक शिंपडलं तरी काम होतं, विकतचं कल्चर लागेलच असं नाही. दोन-तीन दिवसांनी काठीने खालीवर करायचं. मुठीत दाबल्यावर ओलसर लागावं, पाणी ठिबकू नये. आणि एक मर्यादा पाळा: सगळ्या मालात चोथा आकारमानाने पाचव्या हिश्श्याहून जास्त नको. एका घराच्या कॉफीने ही मर्यादा ओलांडणं अवघड आहे, पण कॅफेतून पिशव्या आणणारे लोक ओलांडतात.

पाला कुठून आणायचा? फेब्रुवारी-मार्चमध्ये पुण्यात पिंपळ, बदाम, शिरीष सगळेच झडतात, झाडलोट करणारे ढीग लावतात आणि काही महाभाग ते पेटवतात. पेटवायच्या आधी उचला. सोसायटीचा माळी आनंदाने देतो. 'ब्राउन लीफ' म्हणून पुण्यातच सुरू झालेला एक उपक्रम आहे, ज्यांच्याकडे पाला जास्त आहे आणि ज्यांना हवा आहे त्यांची गाठ घालून देतात.

खत काळं, भुसभुशीत झालं आणि पावसाच्या मातीसारखा वास यायला लागला की झालं. कॉफीचा वास येत असेल तर अजून थांबा. तयार खत मात्र मेथीलासुद्धा चालतं.

कर्वेनगरी
बागुलबुवा, मास्तर, दोघांचेही खूप आभार. मेथीचं वाचून जीव भांड्यात पडला, याच आठवड्यात पेरणार होते. दोन शंका. चोथा कुंडीत नुसता वरून पसरला, मातीत मिसळला नाही, तर? आणि डब्यात साठवलेल्या चोथ्यावर पांढरी बुरशी आलीय, ती वाईट का?

बागुलबुवा
पसरायचा तर अगदी पातळ, आणि वर लगेच पाल्याचा जाड थर. नुसता जाड थर दिला तर वाळून पापडी धरते. मग पाणी वरून वाहून कडेने जातं आणि मधली मुळं कोरडी राहतात. खरं सांगू, बाल्कनीतल्या कुंड्यांत ही झंझट कशाला? बादलीत टाका.

पांढरी बुरशी कंपोस्टमध्ये चांगलीच. कुजवण्याचं काम तीच करते. फक्त त्या डब्यात नाक घालून वास घेऊ नका, दमा असणाऱ्यांनी तर नाहीच. साठवायचं असेल तर वर्तमानपत्रावर पसरून उन्हात वाळवा. एप्रिलच्या उन्हात दुपारभरात खडखडीत होतो. पावसाळ्यात वाळवायच्या भानगडीत पडू नका, रोजचा रोज बादलीत.

चिकमगळूरचा_जावई
एक मुद्दा राहतोय. फिल्टर कॉफीच्या पुडीत चिकोरी असते. ८०-२०, ७०-३०, काही ठिकाणी ६०-४० सुद्धा. चिकोरी हे एक मूळ, भाजून दळलेलं. त्यात कॅफिन नसतं आणि ते कॉफीपेक्षा जास्त विरघळतं. म्हणून चिकोरीवाल्या फिल्टरमध्ये मोजून तेवढीच पूड घातली तरी चोथा कमी उरतो. मोका पॉटची पूड बहुतेक शुद्ध कॉफीची. वहिनी, दोन्हींचा चोथा एकत्र टाकलात तरी बिघडत नाही.

आणि इन्स्टंटवाल्यांनी या धाग्यावर येऊ नये. त्यांच्याकडे चोथा नाही, आणि कॉफीही नाही.

पेठी_पुणेकर
शेवटच्या वाक्याला +१००.

इन्स्टंटप्रेमी
आलोच. आमचा कप दोन मिनिटांत पिऊन होतो आणि आम्ही बादल्या खालीवर करत बसत नाही. चालू द्या तुमचं.

भूभूची_आई
कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. घरात कुत्रा असेल तर चोथा उघडा ठेवू नका, कुंडीवरही पसरू नका. कॅफिन कुत्र्यांना बाधतं, आपल्यासारखं ते त्यांना पचवता येत नाही. आमची लॅब्रॅडॉर खताच्या बादलीचं झाकण नाकाने उघडते, म्हणून वर वरवंटा ठेवलाय. खाल्लाच तर घरगुती उपाय करत बसू नका, लगेच व्हेटकडे.

हिरवा_कोपरा
शेंबड्या गोगलगायींसाठी कुंडीभोवती चोथ्याचं रिंगण करतात ना? पावसाळ्यात माझी पालकाची पानं चाळणी होतात. आणि चोथा पाण्यात टाकला की डासांच्या अळ्या मरतात असंही वाचलंय.

रसायन_मास्तर
गोगलगायींची गोष्ट हवाईतून आली. तिथल्या संशोधकांनी २००२ साली दाखवलं की कॅफिनचं १ ते २ टक्के द्रावण फवारलं तर गोगलगायी मरतात. खरं आहे. पण साध्या कपभर इन्स्टंट कॉफीत कॅफिन ०.०५ टक्क्याच्या आसपास असतं. गाळून उरलेल्या चोथ्यातही ते १ टक्क्यापर्यंत सहसा पोचत नाही. भर पावसात ते रिंगण तासाभरात धुऊन जातं. रात्री टॉर्च घेऊन वेचून काढा, कंटाळवाणं आहे पण खात्रीचं.

डासांच्या अळ्यांवर चोथ्याचा परिणाम प्रयोगशाळेत दिसलेला आहे. पण डेंग्यूचा डास कुंडीखालच्या ताटलीतल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. ताटलीत चोथा टाकून निर्धास्त राहण्यापेक्षा आठवड्यातून एकदा ताटली ओतून, घासून कोरडी करा. अंडी ताटलीच्या कडेला चिकटतात, म्हणून नुसतं ओतणं पुरत नाही.

अळिंबीवाली
माझा विषय आला! धिंगरी अळिंबी (ऑयस्टर मशरूम) चोथ्यावर येते. उकळत्या पाण्यातून गेलेला असल्यामुळे ताजा चोथा जवळपास निर्जंतुक असतो, हीच त्याची खुबी. पण त्याच दिवशी वापरला पाहिजे, शिळा झाला की दुसऱ्याच बुरश्या घर करतात.

नुसत्या चोथ्यावर करू नका, तो फार घट्ट बसतो आणि हवा खेळत नाही. गव्हाचा किंवा भाताचा काड तुकडे करून गरम पाण्यात काढून निथळवून घ्या, त्यात थोडा चोथा मिसळा. प्लास्टिकच्या पिशवीत थर, प्रत्येक थराच्या कडेने अळिंबीचं बियाणं, मग तोंड बांधून भोकं पाडायची. अंधाऱ्या जागी ठेवली की पिशवी पांढरी होत जाते. पूर्ण पांढरी झाली की पिशवी काढून टाकायची, उजेड द्यायचा आणि दिवसातून दोन-तीनदा पाण्याचा फवारा. तीन-चार आठवड्यांत पहिली काढणी. पुण्यात हिवाळा यासाठी सोन्यासारखा, उन्हाळ्यात या फंदात पडू नये. बियाण्यासाठी शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयातल्या अळिंबी प्रकल्पात चौकशी करा.

हिरवा डाग दिसला की ती ट्रायकोडर्मा, दुसरीच नको असलेली बुरशी. तो भाग कापून पुढे चालू वगैरे काही नाही, अख्खी पिशवी घराबाहेर. आणि घरात कुणाला श्वासाचा त्रास असेल तर अळिंबी उमलायच्या आधी काढा, तिचे बीजाणू हवेत फार उडतात.

कर्वेनगरी
हे वाचून नवऱ्याचे डोळे चमकलेत. आता बाल्कनीत माझ्या कुंड्यांना जागा उरेल की नाही, देव जाणे.

माहेर_सांगली
बागेव्यतिरिक्तचं लिहिते. सुरमई साफ केल्यावर किंवा लसूण सोलल्यावर ओला चोथा हातांना चोळून धुवायचा, वास जातो. स्टीलच्या करपलेल्या पातेल्याला काथ्याबरोबर चोथा लावला की चांगलं निघतं. नॉनस्टिकला नाही हं. ओट्याच्या पांढऱ्या संगमरवराला तर मुळीच नाही, डाग पडतो. धुताना सिंकच्या जाळीत फडकं ठेवा, नाहीतर पेठीभाऊ येतील.

फ्रिजमध्ये वाटीत ठेवतात, तो मात्र खडखडीत वाळलेला हवा. ओला ठेवलात तर फ्रिजमध्ये बुरशीची शेती.

रंगारीण
सुती कापडाला चोथ्याच्या काढ्याने सुंदर बदामी रंग येतो. आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवून तुरटी लावून घ्या, म्हणजे रंग धरतो. धुण्यात हळूहळू उतरतोच. टेबलावरच्या रुमालांना ठीक, साडीला नको.

तोंडाला फासण्याबद्दल: कण खडबडीत असतात, गालावर ओरखडे उठतात. टाचांना लावा हवं तर.

बाणेरचा_सिव्हिल
अवांतर: ऑस्ट्रेलियात आरएमआयटी विद्यापीठात चोथा प्राणवायूशिवाय ३५० अंशांना भाजून त्याचा कोळसा केला आणि काँक्रीटमधली १५ टक्के वाळू काढून त्याजागी घातला. काँक्रीट सुमारे ३० टक्के मजबूत झालं. २०२३ ची गोष्ट. आमच्या साइटवर सांगितलं तर मुकादम म्हणाला, साहेब, आधी आम्हाला वेळेवर चहा पाजा.

सोसायटी_सचिव
कामाचा प्रश्न. आमच्याकडे ओला कचरा आतच जिरवायचं चाललंय, खताचे दोन खड्डे आहेत. लोक कागदी फिल्टर आणि कॉफी यंत्राच्या कॅप्सूल सरसकट ओल्यात टाकतात. 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताई रोज वेगळं करत बसतात. नियम नक्की काय लावू? शिवाय घरी गांडूळखत केलं तर मालमत्ता करात सवलत मिळते का?

बागुलबुवा
कागदी फिल्टर चोथ्यासकट ओल्यात, खड्ड्यात कुजतो. पांढरा असो की तपकिरी. फाडून टाकला तर लवकर. कॅप्सूल ॲल्युमिनियमची किंवा प्लास्टिकची, ती सुक्यात. पण आतला चोथा सुरीने काढून ओल्यात, आणि कवच विसळून मगच सुक्यात. भरलेली कॅप्सूल सुक्यात टाकली तर ताईंच्या हातात बुरशीच येणार. ज्याला हा खटाटोप जड वाटेल त्याने कॅप्सूल घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत.

सवलतीचं म्हणाल तर गांडूळखत, सौरऊर्जा आणि पर्जन्यजल संधारण यांपैकी एक असेल तर सर्वसाधारण करात ५ टक्के, दोन किंवा जास्त असतील तर १० टक्के, अशी सवलत पुणे महापालिका देत आली आहे. प्रकल्प चालू स्थितीत हवा, तपासणी होते. सध्याचे कागद काय लागतात ते क्षेत्रीय कार्यालयात विचारा. गांडुळांना चोथा आवडतो, पण थोडा, आणि एका कोपऱ्यात. बरोबर अंड्याच्या टरफलांचा चुरा टाका.

सोसायटी_सचिव
उत्तम. कोपऱ्यावरच्या कॅफेवाल्याने रोजचा चोथा फुकट देतो म्हणून सांगितलंय, पिशवीभर असतो. घेऊ का?

बागुलबुवा
रोज नको. दोन खड्डे किती घरांचा कचरा घेतात आणि तुमच्याकडे पाला किती साठलाय त्यावर ठरवा. पाला नसेल तर आधी पाल्याची पोती भरून ठेवा, मग कॅफेवाल्याला होकार द्या. एस्प्रेसोचा चोथा ठेचून बसवलेल्या वड्यांसारखा येतो, तो हाताने फोडून मगच घाला, नाहीतर आतून तसाच राहतो. आणि प्लास्टिकच्या पिशवीत रात्रभर बांधून ठेवू नका, झाकणाच्या बादलीत पाला घालून आणायला सांगा.